दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर : मराठी मजकुराच्या संगणकीय संकेतनाची चिकित्सा

प्रस्तावना

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे १९९८ मध्ये एका महानगरपालिकेत आली. संगणकाच्या दृष्टीने या तीन नावांत एक साम्य आहे. त्यांपैकी प्रत्येक नाव युनिकोडमध्ये एकाच प्रकारे लिहिले जाते. ‘कुपवाड’ या शब्दात क, उकार, प, व, काना आणि ड असे सहा संकेतांक आहेत व यूटीएफ-८ या पद्धतीने ते साठवले असता १८ बाइट लागतात. विंडोजवर टंकलेखन करा, लिनक्सवर वाचा किंवा भ्रमणध्वनीवर शोधा, फरक पडत नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या ‘कऱ्हाड’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. हे नाव ‘कराड’ असेही लिहिले जाते. परंतु तो भेद डोळ्यांना दिसतो आणि सर्वांना माहीत आहे. न दिसणारा भेद असा की, ‘कऱ्हाड’ हाच शब्द पडद्यावर तंतोतंत एकसारखा दिसत असताना संगणकाच्या स्मृतीत तीन निरनिराळ्या रूपांनी असू शकतो. त्यांपैकी एका रूपात सहा संकेतांक व १८ बाइट असतात, तर उरलेल्या दोन रूपांत सात संकेतांक व २१ बाइट असतात. ही दोन रूपे लांबीने सारखी असली तरी एकमेकांशी जुळत नाहीत. डेटाबेसमधील एखादा रकाना २० बाइटांचा असेल, तर ‘कुपवाड’ त्यात मावते आणि ‘कऱ्हाड’ कधी मावते, कधी मावत नाही. आपल्याच शहराच्या नावावर आज्ञावलीची चाचणी घेणाऱ्या कुपवाडच्या प्रोग्रॅमरला हा दोष कधीच दिसणार नाही.

हा प्रश्न केवळ एका गावाच्या नावापुरता असता, तर त्याची चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या अर्ध्या ‘र’मुळे तो निर्माण होतो, तो ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांना’, ‘व्यापाऱ्यांना’ आणि ‘साताऱ्याला’ या शब्दांतही आहे. म्हणजे मराठीतील शासकीय व सार्वजनिक व्यवहारात सर्वाधिक वेळा येणाऱ्या शब्दांत तो आहे. प्रस्तुत लेखात मराठी मजकुराच्या संकेतनाचा विचार या अंगाने केला आहे. मराठी संगणकीय व्यवहाराने अक्षराचे ‘दिसणे’ हेच त्याचे ‘असणे’ मानले आणि युनिकोड आल्यानंतरही ही सवय सुटली नाही, असे येथील प्रतिपादन आहे.

फॉन्टचे युग

या सवयीचे मूळ फॉन्टच्या युगात आहे. अमेरिकन वर्णसंचात, म्हणजे ॲस्कीमध्ये, १२८ जागा होत्या आणि त्या सर्व इंग्रजीने व्यापलेल्या होत्या. आठवा बिट वापरून मिळणाऱ्या आणखी १२८ जागा निरनिराळ्या देशांनी आपापल्या लिपींसाठी वापरल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ग्रीक, अरबी, थाई या लिपींसाठी स्वतंत्र आठ-बिटी कोडपेजे दिली. देवनागरीला मात्र त्या पद्धतीने काम करणाऱ्या आज्ञावल्यांसाठी असे कोडपेज मिळाले नाही. विंडोज २००० मध्ये तिला थेट युनिकोडच्या मार्गाने प्रवेश मिळाला. तोपर्यंतची सुमारे दहा वर्षे मराठीने छपाईची आणि कार्यालयीन टंकलेखनाची कामे कशी केली, या प्रश्नाचे उत्तर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, शिवाजी, किरण ही नावे देतात.

या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला मजकूर इंग्रजीच आहे असे वाटू द्यायचे आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवायचे. कुठे काना, कुठे मात्रा, कुठे अर्धा त. त्यामुळे साठवला जाई तो शब्द नव्हे, शब्दाचे चित्र. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती आधी साठवायची; रफार शेवटी दिसतो म्हणून तो शेवटी. प्रत्येक कंपनीचा अवयवांचा नकाशा वेगळा असल्याने एका फॉन्टमधील लेख दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की निरर्थक चिन्हांची ओळ उमटे. वर्डमधील आपोआप सुधारणेची सोय चालू राहिली, तर वाक्याचे पहिले अक्षर ‘मोठे’ होऊन भलतेच व्यंजन अवतरे. महाविद्यालयात त्या काळी प्रश्नपत्रिका काढलेल्या कोणत्याही प्राध्यापकास हा अनुभव नवा नाही.

तरीही या फॉन्टांना केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. पेजमेकरसारख्या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीला जोडाक्षरे घडवता येत नव्हती आणि वृत्तपत्रे व प्रकाशने थांबून राहणे शक्य नव्हते. मराठी अक्षराचे वळणही या फॉन्टांनी चांगले सांभाळले. त्यांची हानी वेगळ्या ठिकाणी झाली. एका संपूर्ण पिढीला त्यांनी असे शिकवले की, पडद्यावर बरोबर दिसले आणि कागदावर बरोबर उमटले की काम झाले. आजही ‘मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये द्यावा’ अशी सूचना सर्रास वाचावयास मिळते. युनिकोड हा फॉन्ट नाही, तो वर्णांना दिलेल्या क्रमांकांचा संच आहे, हे सांगूनही ही शब्दयोजना टिकून आहे. कारण तिच्यामागील समजूत टिकून आहे.

इस्की ते युनिकोड

वास्तविक भारतात योग्य दिशेने विचार आधीच झाला होता. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि कानपूरची आयआयटी यांच्या पुढाकाराने भारतीय लिपींच्या संकेतनाचे काम १९८० च्या दशकात झाले. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये चालू राहिले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील तत्त्व असे की, संकेत अवयवाला द्यावयाचा नाही, वर्णाला द्यावयाचा. मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवावयाचा आणि जोडाक्षर कसे दिसावे हे दाखवणाऱ्या यंत्रणेवर सोपवावयाचे. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना एकच संकेतमाला देण्याचे धाडसही त्यात होते.

१९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीच्या आधारे रचला. प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग देताना वर्णांचा क्रम व उच्चारानुसारी साठवण ही इस्कीची तत्त्वे त्याने स्वीकारली. म्हणून ‘युनिकोड परक्यांनी लादला’ ही तक्रार ऐकू येते तेव्हा ती पूर्णतः खरी मानता येत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे युनिकोडमध्ये नाहीत, ही दुसरी तक्रारही चुकीच्या दाराशी केलेली आहे. देठाचा श आणि गाठीचा श हा वर्णभेद नसून वळणभेद आहे. तो फॉन्टने व मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेने सोडवावयाचा असतो. दोन वळणांना दोन संकेत दिले असते, तर ‘शाळा’ हा शब्दही दोन प्रकारे साठवला गेला असता आणि आज अर्ध्या ‘र’ने जे दुखणे दिले आहे, ते आणखी दोन वर्णांना जडले असते.

अर्ध्या ‘र’चा प्रश्न

मराठीत ‘र’ पुढील व्यंजनाशी दोन प्रकारे जोडला जातो. ‘सूर्य’, ‘आचार्य’ यांत तो रफार होऊन वर जातो. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांत तो पापणीसारख्या आडव्या रेषेचे रूप घेऊन पुढील य किंवा ह ला चिकटतो. हा हौसेचा लेखनभेद नाही. रफारामुळे आधीच्या अक्षरावर आघात येतो, या अर्ध्या ‘र’मुळे येत नाही; आणि त्यासरशी अर्थ बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. हिंदीत असा अर्थभेदक अर्धा ‘र’ नसल्याने हिंदीच्या चष्म्यातून देवनागरीकडे पाहणाऱ्यास त्याचे महत्त्व जाणवणे कठीण आहे.

युनिकोडने हा वर्ण लिहिण्याचे दोन मार्ग मान्य केले आहेत. पहिला मार्ग इस्कीस अनुसरून आहे. ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेतांक (०९३१) घ्यावयाचा, त्याचा पाय मोडावयाचा व पुढे य किंवा ह लिहावयाचा. दुसरा मार्ग मानकाच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला आहे. साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह. या चिन्हास पुढे ‘जोडक’ म्हटले आहे. दोन्ही मार्गांनी उमटणारे अक्षर एकच असते. प्रारंभी उल्लेखिलेले तिसरे रूप पहिल्याचेच विघटन आहे. युनिकोडच्या कोष्टकात ‘ऱ’ची फोड साधा ‘र’ अधिक नुक्ता अशी दिलेली आहे. मराठी वाचकाला ही फोड चमत्कारिक वाटेल, कारण त्याच्या दृष्टीने या वर्णाचा नुक्त्याशी काहीही संबंध नाही.

एकाच मजकुराची निरनिराळी रूपे एका ठरावीक रूपात आणण्याची क्रिया, म्हणजे नॉर्मलायझेशन, युनिकोडने पुरवली आहे. तिने ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ ही दोन रूपे एक होतात. जोडक असलेले रूप मात्र त्यांच्याशी समतुल्य मानलेले नाही. म्हणून नॉर्मलायझेशन काटेकोरपणे करूनही ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची दोन रूपे शिल्लक राहतात. एका विभागाच्या परिपत्रकात एक रूप आणि दुसऱ्याच्या परिपत्रकात दुसरे असेल, तर शोध घेणाऱ्यास त्यांतील एकच परिपत्रक सापडते. दुसरे अस्तित्वातच नाही, असे तो प्रामाणिकपणे समजतो.

येथे मानकावर घ्यावयाचा मुख्य आक्षेप येतो. जोडक हे मुळात दर्शनासाठीचे चिन्ह आहे. जोडाक्षर कसे दाखवावे, याची ते सूचना करते आणि सामान्यतः ते वगळल्याने शब्दाचा अर्थ बदलू नये, अशी अपेक्षा असते. या अपेक्षेवर पुढील अनेक नियम उभे आहेत. युनिकोडच्या वर्गीकरणाच्या मूळ कोष्टकात जोडकाला कोणतेही वजन नाही; तुलना करताना तो नसल्यासारखा धरला जातो. संकेतस्थळांच्या बहुभाषी नावांसाठी २००३ मध्ये झालेल्या नियमांत तो सरळ गाळला जाई. पाय मोडण्याच्या चिन्हानंतर तो ठेवण्याची मुभा २०१० च्या नियमांनी दिली. मजकूर ‘स्वच्छ’ करणारी कोणतीही आज्ञावली अदृश्य चिन्हे प्रथम काढून टाकते. आणि मराठीतील जोडकयुक्त ‘आचाऱ्यांना’मधून हे अदृश्य चिन्ह काढले की उरते ते ‘आचार्यांना’. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. कऱ्हाडच्या डोक्यावर रफार चढतो. म्हणजे एका बाजूने मानक सांगते की हे चिन्ह अर्थवाहक नाही आणि दुसऱ्या बाजूने मराठीच्या एका अर्थभेदक वर्णाचा सगळा भार त्याच चिन्हावर टाकण्यास परवानगी देते. हा अंतर्विरोध आहे आणि त्याची किंमत मराठी मजकूर मोजतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. युनिकोडने स्थैर्याचे वचन दिलेले आहे. एकदा दिलेला संकेतांक काढून घेतला जात नाही आणि नॉर्मलायझेशनचे नियम मागील मजकूर बिघडेल अशा रीतीने बदलले जात नाहीत. हे वचन नसते, तर वीस वर्षांपूर्वीचा युनिकोड मजकूर आज वाचण्याची हमी राहिली नसती. फॉन्टच्या युगाचा अनुभव असलेल्यांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. म्हणून जोडकाचा मार्ग आज रद्द करा, ही मागणी मान्य होण्यासारखी नाही आणि योग्यही नाही. दुरुस्ती मानकात होणार नसेल, तर ती आज्ञावलीच्या दाराशी व्हावयास हवी. मराठी मजकूर प्रणालीत शिरताना ‘र, पाय मोडण्याचे चिन्ह, जोडक’ हा क्रम आढळला की तेथे ‘ऱ, पाय मोडण्याचे चिन्ह’ असे बदलावयाचे, त्यानंतर नॉर्मलायझेशन करावयाचे आणि अदृश्य चिन्हे काढावयाची असतील तर ती सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला की हानी होते आणि ती नंतर भरून काढता येत नाही, कारण उरलेल्या ‘आचार्यांना’मध्ये तो मूळचा आचारी होता की आचार्य, याची खूण शिल्लक नसते.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे, ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून. त्यामुळे इन्स्क्रिप्ट शिकलेला टंकलेखक नकळत योग्य रूप लिहितो. उच्चारानुसारी कळफलकांत ही शिस्त नाही. त्यांतील काही एक रूप देतात, काही दुसरे. कळफलकाची निवड ही वैयक्तिक सोयीची बाब मानली जाते. परंतु कोणाचा अर्ज शोधात सापडेल, हे तिच्यावर अवलंबून राहत असेल, तर ती वैयक्तिक राहत नाही.

इतर काही वर्ण

अर्ध्या ‘र’सारखी आणखी स्थळे आहेत, त्यांचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे. ‘ॲ’ या मराठी स्वराला स्वतंत्र संकेतांक युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये मिळाला. शासनाने २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमाला प्रमाणित केली तिच्यात ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना स्थान आहे. त्याची सुधारणा २०२२ मध्ये झाली. पण २००८ पूर्वी हा स्वर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जात होता, काही ठिकाणी दोहोंच्या मध्ये जोडक घालून. ती सवय आणि तो मजकूर दोन्ही राहिले. परिणामी ‘ॲडव्होकेट’ तीन प्रकारे साठवलेला आढळतो आणि नॉर्मलायझेशनने ही तीन रूपे एक होत नाहीत. ‘बँक’ या शब्दातही तोच प्रकार आहे. चंद्रबिंदू हा एक संकेतांक वापरला किंवा चंद्र आणि अनुस्वार हे दोन वापरले, तरी अक्षर तेच दिसते. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या या प्रदेशात संस्थांच्या नावांची यादी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

एका मजकुराचा प्रवास

आजची कोणतीही प्रणाली एकाच यंत्रावर राहत नाही. अर्ज विंडोजवर भरला जातो, लिनक्सच्या सर्व्हरवर साठतो, भ्रमणध्वनीवर वाचला जातो आणि अखेरीस एक्सेलच्या तक्त्यात उतरतो. या प्रवासात प्रत्येक थांब्यावर संकेतनाची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नसते.

विंडोज आपल्या अंतरंगात सोळा-बिटी यूटीएफ-१६ वापरते. लिनक्स आणि महाजाल यूटीएफ-८ वर चालतात. नोटपॅडमध्ये मजकूर साठवताना २०१९ पर्यंत पूर्वनिश्चित पर्याय जुन्या आठ-बिटी संकेतनाचा होता. इशारा न वाचता ‘ठीक’ दाबले की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरत. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसचा पूर्वनिश्चित वर्णसंच २०१८ च्या ८.० या आवृत्तीपर्यंत पश्चिम युरोपीय लिपीचा होता आणि अनुक्रमाचा नियम चक्क स्वीडिश. कारण त्याचा जन्म स्वीडनमधला. मराठी नावे स्वीडिश वर्णक्रमाने लावणाऱ्या प्रणाली आपल्याकडे कित्येक वर्षे चालल्या असतील आणि त्यांच्या चालकांना त्याची कल्पनाही नसेल. यूटीएफ-८ मधील स्वल्पविरामांकित फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की अक्षरांचा चुराडा दिसतो. फाइलच्या प्रारंभी संकेतनाची खूण घातली की तीच फाइल नीट उघडते. यांपैकी एकाही ठिकाणी फॉन्टचा दोष नाही, परंतु तक्रार फॉन्टविषयीच होते आणि उपाय म्हणून नवा फॉन्ट बसवला जातो.

मॅक संगणकाचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्याच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइलपद्धतीत फाइलचे नाव विघटित रूपात साठवले जाई. ‘कऱ्हाड’ नावाची फाइल तेथे ठेवली की ‘ऱ’ची फोड ‘र’ आणि नुक्ता अशी होई. ती लिनक्सवर नेली की त्याच नावाची फाइल शोधणाऱ्या आज्ञावलीला ती सापडत नसे. आणि दोन्ही फाइली एका ठिकाणी ठेवल्या, तर डोळ्यांना एकाच नावाच्या दोन फाइली दिसत. ‘कुपवाड’ नावाच्या फाइलला असा अनुभव येण्याची शक्यता नव्हती.

अक्षरे मोजण्याचा प्रश्न याहून जुना आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दात अक्षरे किती, असे विचारले तर शाळेतील मूल तीन सांगते. सी भाषेतील लांबी मोजणारी आज्ञा यूटीएफ-८ मजकुरात १८ किंवा २१ सांगते. जावा किंवा पायथनच्या आजच्या आवृत्त्या सहा किंवा सात. माणसाला जाणवणारे अक्षर कोठे संपते, याचे नियम युनिकोडने दिले होते. परंतु त्यांनुसार पाय मोडलेले व्यंजन पुढच्या व्यंजनापासून तुटत असे आणि ‘कऱ्हाड’ची चार अक्षरे होत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने देवनागरीची जोडाक्षरे अखंड मानणारा नियम घातला आणि उत्तर तीनवर आले. जुने ग्रंथालय वापरणारी प्रणाली आणि नवे वापरणारी प्रणाली यांचे उत्तर आजही वेगळे येईल. भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशात इंग्रजीला १६० वर्ण आणि देवनागरीला ७० मिळतात, हे सर्वांना माहीत आहे. त्या सत्तरांत ‘शेतकऱ्यांना’ किती जागा घेईल, हे मात्र लिहिणाऱ्याच्या कळफलकावर ठरते.

वर्णक्रम

मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या कोष्टकात तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. म्हणून केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली, तर मालगाव, माळशिरस, माहुली असा क्रम लागतो. मराठी कोशाच्या क्रमाने तो मालगाव, माहुली, माळशिरस असा हवा. यात मानकाची चूक नाही. संकेतांकांचा क्रम म्हणजे भाषेचा वर्णक्रम नव्हे, असे युनिकोड स्वतःच सांगते आणि भाषानिहाय नियमांच्या सामाईक संग्रहात मराठीचा वेगळा नियम उपलब्ध आहे. तो मागवण्याचे कष्ट प्रोग्रॅमरने घ्यावयाचे असतात. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाने नोंदींचा अकारविल्हे क्रम खंडांमागून खंड सांभाळला. त्याच जिल्ह्यातील ग्रंथालयाच्या संगणकीय यादीत ‘ळ’ भलत्या जागी असावा, हे बरे दिसत नाही.

संशोधनाच्या बाजूने

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय संगणकशास्त्र विभागाचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी एम.फिल. व पीएच.डी.च्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली आणि ‘शोधगंगा’वर त्या प्रती जमा होऊ लागल्या. मराठी विषयाचे व मराठी माध्यमातील जे प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाले, त्यांची पीडीएफ प्रत पडद्यावर सुवाच्य दिसते. परंतु तिच्यात एखादा मराठी शब्द शोधला तर सापडत नाही, कारण आत मराठी शब्द नाहीतच. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन समूह आहे. स्कॅन केलेल्या प्रतींत तर तोही नाही. प्रबंध आहे, वाचता येतो, पण पुढील संशोधकाला तो असल्याचे कळण्याचा मार्ग नाही.

२०१८ मध्ये आयोगाने वाङ्‌मयचौर्याविषयी विनियम केले आणि साम्याची टक्केवारी महत्त्वाची झाली. जुन्या फॉन्टमधील प्रबंधातून उचललेला मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित केला, तर कोणतीही तपासणी आज्ञावली त्याला नवा समजेल. उलट एखादा प्रबंधच जुन्या फॉन्टमध्ये सादर केला, तर साम्य शून्य टक्के येईल. ही शून्य टक्केवारी मौलिकतेची मानण्याचा धोका स्पष्ट आहे. दोन युनिकोड मजकुरांतही अर्धा ‘र’, ‘ॲ’ आणि ‘बँक’ यांची रूपे वेगळी असली की जुळणी त्या त्या शब्दाशी तुटते आणि टक्केवारी उतरते. यात कोणाची लबाडी असण्याचीही आवश्यकता नाही.

जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत आणि उपयुक्तही आहेत. त्यांना वेलांटी मागे न्यावी लागते, रफार पुढून उचलून योग्य व्यंजनाआधी ठेवावा लागतो, अवयव जोडून वर्ण सिद्ध करावा लागतो. या कामात चुका होतात. त्या बहुतेक वेळा दिसतात आणि मुद्रितशोधनात दुरुस्त होतात. न दिसणारी निवड मात्र मुद्रितशोधकाच्या हाती येत नाही. रूपांतर करणारी आज्ञावली ‘ऱ्या’साठी स्वतंत्र ‘ऱ’ लिहिते की जोडक, हे संपूर्ण ग्रंथालयाचा मजकूर तिच्यातून काढण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे. त्यासाठी ‘शेतकऱ्यांना’ हा एक शब्द रूपांतरित करून त्याचे संकेतांक मोजणे पुरेसे आहे. स्वतंत्र ‘ऱ’ असेल तर अकरा येतात. बारा आले तर आत जोडक किंवा नुक्ता आहे. आणि रूपांतर झाले तरी मूळ फाइल त्या त्या फॉन्टसह जपून ठेवावी; कारण आचारी की आचार्य, हा संशय पुढे कधी आला, तर उत्तर त्या जुन्या चित्रातच मिळेल.